मार्जिन देऊनही जागा भलतीकडेच सुटते: नेमकं कुठे बघायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यात वेबसाइट बनवणारी बरीच मुलं आता घरून नाहीतर एखाद्या छोट्या गाळ्यातून काम करतात. गिऱ्हाईक ठरलेलं: शहापूरचं साड्यांचं दुकान, कुंदा आणि करदंट विकणारा, मंगल कार्यालय, सोसायटी, गल्लीतलं गणेश मंडळ. आणि अडचणही ठरलेली, मार्जिनची, म्हणजे बॉक्सच्या कडेबाहेर सोडायच्या जागेची. "मार्जिन घातलोय की सर, तरी खाली सरकेना झालंय." किंवा त्याच्या उलट, मार्जिन दिलं हेडिंगला आणि सरकली मात्र अख्खी पट्टी.

मग बहुतेक जण आकडा वाढवतात. २० चे ४० करतात, ४० चे ८०. त्यानेही भागलं नाही की उणे मार्जिन देतात, दोन-तीन बीआर टॅग (ओळ तोडणारी खूण) कोंबतात, आणि लॅपटॉपवर जमलं की पान गिऱ्हाइकाला पाठवून देतात. तो ते फोनवर उघडतो आणि सगळं पुन्हा विस्कटलेलं असतं. माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: आकड्याला हात लावण्याआधी ती जागा कोणाची आहे ते शोधा. पानावर दिसणारी प्रत्येक रिकामी पट्टी कोणाची तरी असते. या बॉक्सच्या मार्जिनची, त्या बॉक्सच्या पॅडिंगची (कडेच्या आतली जागा), ओळीच्या उंचीची, नाहीतर चित्राखालच्या बेसलाइनची (अक्षरं ज्या रेषेवर बसतात ती). मालक सापडला की दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीत होते.

प्रॉपर्टींची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. स्टाइलशीटमध्ये (पानाचं रूप ठरवणारी सीएसएस फाइल) ती रोमन लिपीतच जातात.

आधी नियम लागू तरी होतोय का

पानावरच्या त्या भागावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. क्रोममध्ये एखाद्या एलिमेंटवर (पानाचा एकेक भाग) माउस नेला की त्याच्यावर रंग चढतात: मजकुराची जागा निळी, पॅडिंग हिरवं, मार्जिन नारिंगी. कॉम्प्युटेड या टॅबमध्ये चौकटीत चौकट असलेली आकृतीही दिसते. मधे मजकूर, त्याभोवती पॅडिंग, मग बॉर्डर, सगळ्यात बाहेर मार्जिन. तुम्ही दिलेला आकडा तिथे दिसत नसेल, तर जागा कुठे गेली याचा विचार करण्यात अर्थच नाही. नियमच लागलेला नाही.

आपल्याकडे याचं एक खास कारण मला वारंवार दिसतं. मजकूर मराठीत टाइप करताना कीबोर्ड मराठीवर असतो, आणि त्याच झपाट्यात स्टाइलशीटमध्ये आकडा देवनागरीत जातो. ब्राउझरला रोमन आकडेच कळतात, देवनागरी अंकाला तो आकडा मानत नाही आणि ती ओळ सोडून देतो. कुठेही एरर येत नाही. इन्स्पेक्टमध्ये त्या ओळीवर काट मारलेली दिसते आणि शेजारी पिवळा त्रिकोण असतो. आकडा आणि पिक्सेल यांच्यामध्ये स्पेस सोडली, किंवा शून्याशिवाय दुसऱ्या आकड्याला एकक लावायचं राहिलं, तरी हेच होतं. आधीच्या ओळीचा अर्धविराम राहिला तर पुढची ओळही बुडते.

काट आहे पण त्रिकोण नाही, याचा अर्थ तुमचा नियम बरोबर आहे, फक्त थीमच्या दुसऱ्या एखाद्या नियमाने त्याच्यावर मात केलीय. तो कोणता नियम ते तिथेच दिसतं. उगाच इम्पॉर्टंट (नियम जबरदस्तीने लागू करणारा शब्द) लावत सुटू नका, थीमचा सिलेक्टर (नियम कोणाला लागतो ते सांगणारा भाग) बघून तेवढ्याच वजनाचा आपला लिहा आणि तो नंतर लोड होईल असं बघा. आणि नियम इन्स्पेक्टमध्ये दिसतच नसेल तर बऱ्याचदा जुनी फाइल कॅशमधून, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रतीतून, येत असते. हार्ड रिफ्रेश करा.

एकाच ओळीत चार आकडे देताना क्रम घड्याळाच्या काट्याप्रमाणे असतो: वर, उजवीकडे, खाली, डावीकडे. दोन आकड्यांत पहिला वर-खालचा आणि दुसरा दोन्ही बाजूंचा. गोंधळ होतो तो तिनात. तिथे पहिला वरचा, मधला दोन्ही बाजूंचा, तिसरा खालचा.

हेडिंगचं मार्जिन पट्टीच्या बाहेर पडतं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण ही, म्हणून इथे जरा थांबू.

मंगल कार्यालयाचं पान घ्या. वर मेन्यू, त्याखाली मरून रंगाची पट्टी, पट्टीत "तारखा आणि दर" असं हेडिंग. हेडिंग पट्टीच्या वरच्या कडेला चिकटलंय म्हणून त्याला मार्जिन-टॉप ४० पिक्सेल दिलं. अपेक्षा ही की हेडिंग मरून पट्टीच्या आत ४० पिक्सेल खाली येईल. होतं असं की हेडिंग कडेला चिकटलेलंच राहतं, आणि पट्टी हेडिंगला घेऊन ४० पिक्सेल खाली येते. मेन्यू आणि पट्टी यांच्यामध्ये पांढरी फट पडते.

ब्राउझर इथे चुकत नाही, तो नियमानेच चालतो. आतल्या पहिल्या एलिमेंटचं वरचं मार्जिन आणि बाहेरच्या बॉक्सचं वरचं मार्जिन यांच्यामध्ये काहीच नसेल, म्हणजे बाहेरच्याला वर बॉर्डर नाही, पॅडिंग नाही, मधे मजकुराची ओळ नाही, तर ती दोन मार्जिन एकमेकांना भिडलेली धरली जातात आणि मिळून एकच होतात. त्यातलं मोठं असेल ते उरतं, आणि उरलेलं मार्जिन बाहेरच्या बॉक्सच्याही बाहेर धरलं जातं. याला मार्जिन कोलॅप्स म्हणतात. खालच्या बाजूलाही तेच: शेवटच्या परिच्छेदाचं खालचं मार्जिन पट्टीच्या बाहेर पडतं, जर पट्टीची उंची ऑटो असेल आणि खाली बॉर्डर-पॅडिंग नसेल.

निदान पक्कं करायला सोपा प्रयोग आहे. इन्स्पेक्टमध्येच त्या पट्टीला तात्पुरती १ पिक्सेलची बॉर्डर द्या. फट लगेच पट्टीच्या आत गेली तर रोग हाच. बॉर्डर काढा आणि खरा उपाय करा.

खरा उपाय बहुतेक वेळा हा: पट्टीच्या आतली मोकळी जागा पट्टीची आहे, हेडिंगची नाही. तेव्हा हेडिंगचं मार्जिन-टॉप शून्य करा आणि पट्टीला पॅडिंग द्या. रंग असलेल्या प्रत्येक बॉक्सला मी हेच करतो, कारण पॅडिंगमध्ये बॉक्सचा रंग भरतो आणि मार्जिनमध्ये कधीच भरत नाही. उद्या हेडिंगच्या जागी कोणी फोटो टाकला, तरी वरची जागा तशीच राहते.

हेडिंगच्या मार्जिनला हात लावता येत नसेल, मजकूर गिऱ्हाईक स्वतः एडिटरमधून टाकत असेल, तर पट्टीला डिस्प्ले: फ्लो-रूट द्या. आतली मार्जिन आतच राहतात आणि दुसरं काही बदलत नाही. २०२० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत हे चालतं. जुन्या उत्तरांमधून उचललेलं ओव्हरफ्लो: हिडन (बाहेर जाईल ते कापा) अजून बऱ्याच फाइलींत दिसतं. त्यानेही मार्जिन आत राहतं, पण मेन्यूचा ड्रॉपडाउन कापला जातो, कार्डची सावली कापली जाते, आत स्टिकी (स्क्रोल करताना कडेला चिकटून राहणारं) काही असेल तर ते चिकटायचं थांबतं. नवीन कामात ते वापरू नका.

याच रोगाचं आणखी एक रूप पानाच्या अगदी वरच दिसतं. रंगीत डिव्ह (साधा बॉक्स), त्यात सर्वात आधी एच-वन (सगळ्यात मोठं हेडिंग), आणि पानाच्या वर पांढरी पट्टी. बाजूच्या पांढऱ्या फटी ८ पिक्सेलच्या असतात, ते ब्राउझरने बॉडीला (अख्ख्या पानाचा बाहेरचा बॉक्स) आपणहून दिलेलं मार्जिन. वरची मात्र साधारण २१ पिक्सेलची असते. एच-वनचा अक्षरआकार मुळात ३२ पिक्सेल आणि त्याचं मार्जिन त्याच्या ०.६७ पट, म्हणजे २१ च्या जरा वर. ते डिव्हमधून बाहेर पडून बॉडीच्या ८ मध्ये मिसळतं आणि मोठं ते उरतं. म्हणून बॉडीचं मार्जिन शून्य केल्यावर बाजूच्या फटी जातात, पण वरची जात नाही, आणि माणूस चक्रावतो. डिव्हला पॅडिंग द्या, एच-वनचं मार्जिन शून्य करा.

हा नियम मुळात ठेवला कशासाठी, हे कळलं की त्याचा राग येत नाही. होकोन व्युम ली यांनी १९९४ मध्ये स्टाइलशीटची कल्पना मांडली, बर्ट बॉस यांच्यासोबत ती पुढे नेली, आणि सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण म्हणून आली. तेव्हा वेबपान म्हणजे मुख्यतः लेख: हेडिंग, परिच्छेद, परिच्छेद, यादी. प्रत्येक परिच्छेदाला वर आणि खाली एक-एक ओळीचं मार्जिन असेल आणि बेरीज होत गेली, तर दोन परिच्छेदांमध्ये दोन ओळींची फट आणि सुरुवातीला मात्र एकच, असं दिसलं असतं. गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांनी आपापल्या दारापुढे किती जागा हवी ते सांगावं आणि ज्याची मागणी मोठी तेवढा रस्ता दोघांनी वापरावा, तसं हे आहे. लांब मजकुरासाठी नियम उत्तम आहे. रंगीत पट्ट्या आणि कार्डांच्या आजच्या मांडणीत तो आडवा येतो. सीएसएस ठरवणाऱ्या समितीने स्वतःच्या चुकांची जी यादी ठेवलीय, तिच्यातही एकाच बॉक्सचं वरचं आणि खालचं मार्जिन आपोआप मिसळू देणं ही चूक म्हणून नोंदलेली आहे.

३० आणि २० मिळून ५० का होत नाहीत, आणि मग अचानक का होतात

एकाखाली एक असलेल्या दोन बॉक्सांमध्ये वरच्याचं खालचं मार्जिन ३० आणि खालच्याचं वरचं २० असेल, तर मधली जागा ३० राहते. एक उणे असेल तर मात्र बेरीज होते: ३० आणि उणे १० मिळून २०. आडव्या दिशेला हे कधीच होत नाही, तिथे ३० आणि २० मिळून ५० च.

इथवर बऱ्याच जणांना ठाऊक असतं. घोळ पुढे होतो. तीन कार्डं एकाखाली एक छान बसलेली असतात, मग कोणीतरी बाहेरच्या डिव्हला डिस्प्ले: फ्लेक्स (आतले बॉक्स रांगेत मांडायची पद्धत) आणि दिशा कॉलम (उभी रांग) देतो, बहुधा मधोमध आणायला. क्षणात सगळ्या फटी वाढतात. फ्लेक्स आणि ग्रिडच्या (उभ्या-आडव्या चौकटींची मांडणी) आत मार्जिन मिसळत नाहीत, त्यामुळे आजवर लपलेले २० बाहेर येतात. आकडे कोणी बदललेले नसतात, म्हणून दोष कुठे आहे ते कळत नाही.

फ्लेक्स किंवा ग्रिड आलं की आतल्या कार्डांची मार्जिन काढून टाका आणि बाहेरच्या डिव्हला गॅप द्या. गॅप फक्त मधे पडतो, पहिल्याच्या आधी आणि शेवटच्या नंतर नाही, त्यामुळे "शेवटच्या कार्डला मार्जिन नको" असले अपवाद लिहावे लागत नाहीत. फ्लेक्समध्ये गॅप फायरफॉक्सने २०१८ मध्ये, क्रोमने २०२० मध्ये आणि सफारीने २०२१ मध्ये आणला. आयओएस १४.५ च्या आधीचे आयफोन सोडले तर आज काळजी नाही.

साध्या मजकुरात, जिथे फ्लेक्स नाही, तिथे मार्जिन एकाच दिशेने द्यायची शिस्त ठेवा. मी खाली देतो. तुम्ही वर द्या, हरकत नाही, पण एका साइटवर एकच पद्धत. मग कोणतं मार्जिन कोणात मिसळलं याचा हिशोब करायची वेळच येत नाही.

वर्डमधून मजकूर आणून एडिटरमध्ये चिकटवला असेल, तर मधले रिकामे परिच्छेदही तपासा. ज्याच्यात खरंच काही नाही तो परिच्छेद कोलॅप्स होऊन नाहीसा होतो. पण एडिटर बऱ्याचदा त्यात एक न तुटणारी स्पेस घालून ठेवतो आणि तो पूर्ण ओळीची जागा अडवतो. ती जागा कुठल्याही मार्जिनने कमी होणार नाही. परिच्छेदच उडवा.

मराठी पान बरोबर, कन्नड पानावर सगळं खाली सरकतं

ही अडचण पुण्या-मुंबईच्या माणसाला सहसा येत नाही, आपल्याला रोज येते. आपल्याकडच्या साइटला मराठी आणि कन्नड दोन्ही लागतात, बऱ्याचदा एकाच पानावर. डावीकडे मराठी कार्ड, उजवीकडे कन्नड. मार्जिन तेच, पॅडिंग तेच, क्लासही तोच, पण कन्नड कार्डातलं बटन थोडं खाली. "ह्ये बटन वर-खाली का दिसूलालंय ओ?" असं दुकानदार विचारतो, आणि त्याचं म्हणणं रास्त असतं.

इन्स्पेक्टमध्ये दोन्ही हेडिंगांवर माउस फिरवा. नारिंगी आणि हिरवा भाग सारखाच दिसेल. निळा भाग एकीकडे जास्त उंच असेल. म्हणजे ही जागा मार्जिनची नाहीच, ती ओळीची आहे. लाइन-हाइट (ओळीची उंची) सांगितली नाही तर ब्राउझर ती नॉर्मल धरतो, आणि नॉर्मल म्हणजे किती हे प्रत्येक फॉन्टच्या आत लिहिलेलं असतं. दोन लिप्यांना दोन फॉन्ट मिळाले की दोन उंच्या मिळतात.

लॅपटॉपवर हे दिसत नाही आणि फोनवर दिसतं, त्याचंही कारण इथेच आहे. विंडोजवरचा निर्मला यूआय हा एकच फॉन्ट देवनागरी आणि कन्नड दोन्ही सांभाळतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत नोटोचे दोन वेगळे फॉन्ट असतात. वेबफॉन्ट (साइटबरोबर येणारा फॉन्ट) लावला असेल तर तोही तपासा. पॉपिन्स आपल्याकडे फार चालतो. त्यात रोमन आणि देवनागरी आहे, कन्नड नाही. मुक्ता आणि हिंदचंही तसंच. मराठी पान त्या फॉन्टमध्ये आणि कन्नड फोनमध्ये जे सापडेल त्यात, अशी वाटणी होते.

करायचं असं. बॉडीला लाइन-हाइट आकड्यात द्या, एकक न लावता. १.६ ते १.८ च्या दरम्यान दोन्ही लिप्या मोकळ्या वाटतात. एकक लावायचं नाही कारण नुसता आकडा वारशाने गुणक म्हणून पुढे जातो, म्हणजे मोठ्या हेडिंगला मोठी ओळ मिळते. २८ पिक्सेल असं लिहिलंत तर ४० पिक्सेलच्या हेडिंगलाही २८ चीच ओळ मिळेल आणि अक्षरं एकमेकांवर चढतील. मग प्रत्येक भागाला भाषेची खूण द्या, लँग अॅट्रिब्यूटमध्ये मराठीला एमआर आणि कन्नडला केएन, आणि दोन्हींसाठी एकाच घराण्यातले फॉन्ट निवडा. नोटो सान्स दोन्ही लिप्यांत आहे. "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा "अनेक" हा फॉन्टही दोन्हीत आहे. दुकानाच्या साइटला जाडसर, हसरं अक्षर हवं असेल तर त्यांचाच बालू: देवनागरीला बालू २, कन्नडला बालू तम्मा २.

एकाच ओळीत दोन लिप्या असतील तर आणखी एक बारकावा. कन्नड शब्दाला स्पॅन करून (ओळीतला तेवढाच तुकडा वेगळा काढून) त्याला वेगळा फॉन्ट दिला, तर लाइन-हाइट सारखी असूनही ती ओळ एक-दोन पिक्सेलने फुगू शकते, कारण दोन फॉन्टांत अक्षराचा बेसलाइनच्या वरचा आणि खालचा वाटा वेगळा असतो. बाहेरच्या परिच्छेदाच्याच फॉन्ट-फॅमिलीत आधी देवनागरी आणि मग कन्नड फॉन्ट लिहा, नाहीतर त्या स्पॅनला लाइन-हाइट १ द्या. ओळ पुन्हा सरळ होते.

आणि कृपा करून इंग्रजी थीमची १.२ ची लाइन-हाइट तशीच ठेवू नका. "कुंदा" लिहिलं की वर अनुस्वार, खाली उकार. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. कन्नडमध्ये त्याहून कठीण. चिक्कोडी, हुक्केरी, कित्तूर ही नावं मराठीत लिहिली तर जोडाक्षर ओळीतच राहतं. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन पहिल्याच्या खाली बसतं. तालुक्यांच्या बटनांना ठरावीक उंची आणि ओव्हरफ्लो: हिडन असेल तर ते खालचं व्यंजन कापलं जातं आणि गावाचं नाव चुकीचं वाचलं जातं. बटनाला उंची देऊच नका. वर-खाली पॅडिंग द्या, उंची मजकुराला ठरवू दे.

एवढं करूनही दोन कार्डांतला मजकूर कमीजास्त असणारच. एका भाषेत दोन ओळी, दुसरीत तीन. बटनं एका रेषेत हवी असतील तर कार्डला फ्लेक्स, दिशा कॉलम, आणि बटनाला मार्जिन-टॉप: ऑटो. उरलेली सगळी जागा ते मार्जिन खातं आणि बटन तळाला जाऊन बसतं. दोन बॉक्सांमधली उभी अंतरं शक्यतो रेममध्ये (पानाच्या मूळ अक्षरआकारावर चालणारं एकक) द्या. कन्नडचा अक्षरआकार जरा वाढवलात आणि अंतर एममध्ये (त्या भागाच्या स्वतःच्या अक्षरआकारावर चालणारं एकक) असेल, तर अंतरही गुपचूप वाढतं.

फोनवर पान आडवं सरकतं

विड्थ (रुंदी) १०० टक्के आणि पॅडिंग २०. फोनची रुंदी ३६० पिक्सेल धरली तर बॉक्स ४०० चा होतो, कारण मुळात विड्थ फक्त मजकुराची मोजली जाते आणि पॅडिंग, बॉर्डर वरून जोडली जातात. फाइलच्या सुरुवातीला सगळ्या एलिमेंटांना बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स द्या, म्हणजे पॅडिंग आणि बॉर्डर विड्थच्या आतच मोजली जातात, आणि विषय संपवा. सीएसएस समितीच्या चुकांच्या त्याच यादीत हेही आहे, की मुळापासून हेच असायला हवं होतं. डिव्हसारख्या ब्लॉक एलिमेंटला तर विड्थ १०० टक्के लिहायचीही गरज नसते, तो आपणहून रुंदी भरतो. आणि बॉर्डर-बॉक्स असूनही पान सरकत असेल तर विड्थ १०० व्हीडब्ल्यू (स्क्रीनच्या रुंदीवर चालणारं एकक) कुठे लिहिलीय का ते शोधा. कॉम्प्युटरवर त्यात स्क्रोलबारची रुंदीही धरली जाते.

बाकीचे नेहमीचे पाहुणे

"फोन करा" या लिंकला मार्जिन-टॉप दिलं आणि काहीच झालं नाही: लिंक आणि स्पॅन इनलाइन, म्हणजे ओळीतच वाहणारे, असतात, त्यांना उभं मार्जिन लागत नाही. पॅडिंग दिलं तर रंग पसरलेला दिसतो, पण ओळ जागा करून देत नाही, म्हणून तो रंग वरच्या-खालच्या मजकुरावर चढतो. डिस्प्ले: इनलाइन-ब्लॉक द्या.

साडीच्या फोटोखाली चार-पाच पिक्सेलची फट, मार्जिन-पॅडिंग शून्य असूनही: फोटोही इनलाइन असतो, अक्षरासारखा बेसलाइनवर बसतो, आणि बेसलाइनखाली उकारांसाठी ठेवलेली जागा रिकामी राहते. फोटोला डिस्प्ले: ब्लॉक. तसंच इनलाइन-ब्लॉक केलेल्या दोन बटनांमध्ये न दिलेली फट दिसते, ती एचटीएमएलमधल्या स्पेसची किंवा नव्या ओळीची असते. बाहेरच्याला फ्लेक्स आणि गॅप दिला की जाते.

पॅडिंग-टॉप १० टक्के दिलं, कॉम्प्युटरवर प्रचंड आणि फोनवर नगण्य: टक्केवारी वर-खालच्या बाजूलाही बाहेरच्या बॉक्सच्या रुंदीवरच मोजली जाते, उंचीवर नाही. बाहेरचा बॉक्स १२०० पिक्सेल रुंद असेल तर १२०, ३६० असेल तर ३६. उभ्या अंतराला टक्के वापरू नका.

मार्जिन: ऑटो देऊन डिव्ह मधोमध येईना: विड्थ किंवा मॅक्स-विड्थ दिलेली नाही, त्यामुळे तो आधीच पूर्ण रुंद आहे आणि वाटून द्यायला जागाच उरलेली नाही. वर-खालचं ऑटो साध्या मांडणीत शून्यच धरलं जातं. उभं मधोमध हवं तर बाहेरच्याला फ्लेक्स किंवा ग्रिड द्या.

यादी डावीकडून आत सरकलेली: ते यूएलचं (यादीच्या टॅगचं) मुळातलं ४० पिक्सेलचं पॅडिंग आहे, मार्जिन नाही. मार्जिन शून्य करून काही होणार नाही.

मेन्यूतून "पत्ता" दाबलं की पान बरोबर जागी जातं, पण हेडिंग चिकटलेल्या मेन्यूखाली दडतं: तिथे पॅडिंग वाढवून पानात भोक पाडू नका. हेडिंगला स्क्रोल-मार्जिन-टॉप द्या, मेन्यूच्या उंचीएवढं. ते फक्त उडी मारताना मोजलं जातं, एरवी जागा अडवत नाही.

दुरुस्ती झाली की आधी चिकटवलेली ठिगळं काढायला विसरू नका. स्टाइलशीटमध्ये उणे मार्जिन शोधा, पानात एकापाठोपाठ आलेले बीआर शोधा, एकेक काढून बघा. एखादं काढल्यावर मांडणी मोडली तर तिथे अजून एखादी जागा बिनमालकाची आहे, तिच्यावर माउस नेऊन वरचीच तपासणी करा. शेवटी इन्स्पेक्टमधलं मोबाइलचं दृश्य ३६० पिक्सेलवर ठेवा आणि कन्नड पान सगळ्यात लांब नावासकट उघडा. मग तेच एखाद्या खऱ्या अँड्रॉइड फोनवर बघा, कारण लॅपटॉपवरच्या त्या दृश्यात फॉन्ट लॅपटॉपचेच असतात.